चौथ्या बोअरचं शून्य

एका फॉर्मवर माझी सही हवी होती आणि मी ती केली नाही. गोष्ट एवढीच आहे. पण आकडे नीट सांगितले नाहीत तर ती एका बाईच्या हट्टाची गोष्ट वाटेल, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

ब्रिस्टलमधल्या एका विद्यापीठाच्या भूगोल विभागात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. आमचा गट दूर उत्तरेतल्या जमिनीचं तापमान मोजतो. तिथली जमीन खालून कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात फक्त वरचा थर सुटतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. तिथे सात बोअर आहेत. बोअर म्हणजे आपल्याकडे पाण्यासाठी मारतात तशीच, फक्त हातभर रुंदीचीही नाही आणि पाण्यासाठी नाही. प्रत्येक बोअरमध्ये नळी, आणि नळीत एक केबल. केबलवर ठरावीक खोलीवर सहा सेन्सर. आम्ही तिला माळ म्हणतो, म्हणजे मी म्हणते. वर जमिनीवर एक डबा असतो, तो दर तासाला सहाही आकडे लिहून ठेवतो.

उत्तरेला मी कधीच गेलेले नाही. माझं काम माळ निघायच्या आधीचं. कुठलाही सेन्सर अगदी बरोबर नसतो. कुणी शून्याला थोडं वर वाचतो, कुणी थोडं खाली. म्हणून प्रत्येक सेन्सर मी शुद्ध पाण्याच्या बर्फाच्या चुऱ्यात ठेवते. बर्फ आणि पाणी एकत्र आहेत तोवर तिथलं तापमान शून्य, ना वर ना खाली. सेन्सर तेव्हा जो आकडा दाखवतो ती त्याची खोड. ती मी वहीत लिहिते आणि पुढची सगळी वर्षं त्याच्या आकड्यांतून वजा होते. एकवीस वर्षांत अशा अकरा वह्या भरल्या.

जूनच्या पहिल्या सोमवारी टेबलावर तो फॉर्म आला. चौथ्या बोअरच्या माळेतले तिसरा आणि चौथा हे दोन सेन्सर हिवाळ्यात निकामी झाले, अशी नोंद होती. खाली ‘तपासणी करणाऱ्याची सही’ म्हणून माझी जागा. सही झाली की त्या दोन सेन्सरचे सात महिन्यांचे आकडे नोंदींतून काढून टाकले जाणार होते. बोअरही बंद व्हायची होती. वसंतात माळ वर काढून परत पाठवलेलीच होती. ऑगस्टमध्ये लोक जातील तेव्हा नळीत सिमेंट भरतील, की झालं. त्या जागेची जमीन पुन्हा कुणी मोजणार नाही.

निकामी कशावरून, तर संगणकातल्या प्रोग्रामवरून. आकडा सलग वीस दिवस हलला नाही तर प्रोग्राम त्या सेन्सरला मेलेला ठरवतो; पाच शतांशांहून, म्हणजे एका अंशाच्या पाच शंभराव्या भागांहून, कमी थरथर तो हलणं धरत नाही. हे दोघं ऑक्टोबरपासून एप्रिलच्या शेवटापर्यंत हलले नव्हते.

मी कच्चे आकडे उघडले. कच्चे म्हणजे खोड वजा करायच्या आधीचे. तिसरा सेन्सर सगळा हिवाळा उणे सहा शतांशावर होता. चौथा अधिक तीन शतांशावर. मी नववी वही काढली. ही माळ मी चार वर्षांपूर्वी बर्फात ठेवली होती. तिसरा सेन्सर: उणे सहा शतांश. चौथा: अधिक तीन शतांश.

वही तशीच उघडी घेऊन मी आमच्या प्रमुखांच्या खोलीत गेले.

प्रमुख स्कॉटिश आहेत, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, माणूस सरळ. चौदा वेळा उत्तरेला जाऊन आलेत. एका पायाच्या दोन बोटांना अजून थंडी कळत नाही, ते स्वतःच सांगतात. मी म्हणाले, “मेलेला सेन्सर कुठेही अडकेल. हे दोघं नेमके आपापल्या शून्यावर कसे अडकले?”

त्यांनी वही पाहिली, मग मला पाहिलं. “जमीन गोठताना काही दिवस शून्यावर थांबते, हे मलाही माहीत आहे,” ते म्हणाले. “ओली माती गोठते तेव्हा उष्णता सोडते. सगळं पाणी गोठेपर्यंत आकडा हलत नाही. पण किती दिवस? आमच्या त्या जागेत पंधरा, फार तर अठरा. म्हणून तर मी वीसची मर्यादा घातली. सात महिने नाही थांबत जमीन.”

“मर्यादा कुठल्या वर्षांवरून घातली?”

“आधीच्या.”

“मग ती आधीच्या वर्षांची मर्यादा झाली. या वर्षाला तीच पट्टी कशी लावता?”

ते हसले. “तुम्ही तिथे कधी गेला नाहीत. नळीत पाणी शिरतं, केबल कुजते, आकडे काहीही दाखवतात. बाकीच्या सहा बोअर व्यवस्थित गोठल्या. एकच का नाही गोठली?”

“ते मला माहीत नाही. मी तिथे गेले नाही हे खरं. पण माझं शून्य गेलं होतं.”

हे बोलताना माझा आवाज चढला असणार, कारण दारातून जाणारे कुणीतरी थबकले. प्रमुखांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. महिनाअखेर द्यायचा होता. “चार वर्षांत सेन्सरची खोड बदलते,” ते म्हणाले. “तुमचा आकडा आज तोच असेल कशावरून? बर्फाला जामीन राहायला निघालात तुम्ही.”

हा मुद्दा बरोबर होता. मी मान्य केलं. पण सही केली नाही.

घरी जेवताना सांगितलं. माझा नवरा विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. आम्ही दोघं अकोल्याचे, आणि आमच्या घरात दोन माणसं आयुष्यभर एकमेकांच्या कामातल्या चुका काढत आलीत. तो म्हणाला, “अगं, सही करून मोकळी हो. तुझा करार जुलैत रिन्यू व्हायचाय. एक बोअर कमी झाली तर जग बुडत नाही.”

“तू न तपासलेल्या बोल्टवर सही करशील?”

“तो बोल्ट आहे. वर माणसं बसतात.”

“इथे त्या जमिनीवर बसलीत.”

तो पोळी मोडत राहिला. आमची मुलगी सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली. ती म्हणाली, “बाबा, यू लॉस्ट. भाजी पास कर.”

प्रयोगशाळेचं बर्फाचं मशीन तेव्हा दुसऱ्या गटाच्या कामात होतं आणि बाद ठरलेल्या माळेसाठी वेळ मिळणार नव्हता. म्हणून शुक्रवारी मी ती माळ आणि नोंदीचा एक डबा रजिस्टरमध्ये लिहून, परवानगीची सही घेऊन, घरी आणली. गाड्यांचं सामान मिळतं त्या दुकानातून शुद्ध पाण्याच्या चार बाटल्या आणल्या. बर्फाचे ट्रे उकळत्या पाण्याने धुऊन त्यात ते पाणी लावलं. शनिवारी सकाळी बर्फ फोडला, रुंद तोंडाच्या फ्लास्कमध्ये भरला, थोडं शुद्ध पाणी घातलं, तिसरा सेन्सर मध्यभागी रोवला, झाकणाच्या फटीत कापूस कोंबला. उरलेली केबल पिंपात वेटोळं करून ठेवली, वॉशिंग मशीनच्या शेजारी.

तासाभराने आकडा पाहिला. उणे अकरा शतांश.

मी थांबले. पुन्हा एक तास थांबले. उणे अकरा.

म्हणजे प्रमुखांचं खरं होतं. खोड बदलली होती. आणि खोड बदलली असेल तर हिवाळ्यातलं उणे सहा हे शून्य नव्हतंच, योगायोग होता. मी एका योगायोगावर तोऱ्यात बोलून आले होते. त्या दिवशी स्वयंपाक नवऱ्याने केला. मी टेबलाशी फॉर्म घेऊन बसले होते, आणि खरं सांगते, पेनचं टोपण काढलं होतं. माझा आकडा चुकला असेल तर सही करायला मला कमीपणा नाही. आकड्याच्या बाजूने उभं राहायचं म्हटलं की तो आपल्या विरुद्ध गेला तरी उभं राहायचं.

मुलगी धुतलेले कपडे काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, “आई, तुझी बर्फ गार्लिकचा स्मेल का येतोय?”

मी गेले. फ्लास्कचं झाकण उघडून वास घेतला. लसूण होता. बारीक, पण नक्की.

बर्फ मी खलबत्त्यात फोडला होता.

आमचा दगडी खलबत्ता अकोल्याहून आलेला आहे. त्यात आदल्या संध्याकाळी मी शेंगदाण्याची चटणी कुटली होती, जाडं मीठ आणि लसूण घालून. दगडी खलबत्ता आमच्याकडे साबणाने धूत नाहीत, पुसतात. एकवीस वर्षं शुद्ध पाणी, शुद्ध पाणी म्हणून दुसऱ्यांच्या मागे लागलेली बाई मी, आणि बर्फ चटणीच्या खलबत्त्यात फोडला. मीठ मिसळलं की बर्फ शून्याच्या खाली उतरतो. चिमूटभर मिठाने पाच शतांश सहज.

नवरा मागे येऊन उभा होता. त्याने चमच्यात ते पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “तिखट कमी आहे.”

मी पहिल्यांदा हसले त्या दिवशी. मग सगळं ओतून दिलं. नवीन पाणी, नवीन ट्रे. या वेळी बर्फ स्वच्छ पिशवीत घालून पोळपाटावर लाटण्याने फोडला, पोळपाटही पिशवीत गुंडाळून. रविवारी दुपारी दोन वाजता सेन्सर पुन्हा बर्फात गेला. तीन वाजता: उणे सहा शतांश. चार वाजता: उणे सहा. चौथ्या सेन्सरसाठी दुसरा फ्लास्क केला. अधिक तीन.

इथेच थांबता आलं असतं. वही आणि आजचा आकडा जुळले होते. पण मला प्रमुखांची पुढची ओळ ऐकू येत होती: आज चालतोय, म्हणून हिवाळ्यात चालत होता असं नाही. आणि खरं म्हणजे माझं भांडण सेन्सरशी नव्हतंच. भांडण त्या वीस दिवसांशी होतं. वीस दिवस न हलणारा तो मेलेला, हे ज्याने ठरवलं, त्याला न हलणारा जिवंत दाखवायचा होता.

मी दोन्ही फ्लास्क एकवीस दिवस चालू ठेवायचे ठरवले.

बर्फ वितळतो. म्हणून सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला जास्तीचं पाणी काढायचं आणि नवा चुरा भरायचा, सेन्सर न हलवता. चुरा कधीही अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. फ्रीझरमधून मटार गेले, खवलेला नारळ गेला, मुलीचं आईस्क्रीम गेलं. तिने फ्रीझरच्या दारावर चिठ्ठी लावली: इथे फक्त बर्फ राहतो. नवऱ्याने फ्रीझरची जागा मोजली, ट्रे आडवे लावले तर दोन जास्त बसतील असं काढलं आणि तसे लावूनही दिले. विचारलं नाही, सांगितलंही नाही. त्या दिवसापासून सकाळचा बर्फ तो फोडू लागला. लाटण्याचा आवाज शेजारी जात असणार. शेजारच्या आजींनी कुंपणावरून विचारलं, रोज पहाटे एवढ्या चपात्या कुणासाठी?

मध्ये कार्डिफला मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. मी गेले, हॉलमध्ये अक्षता टाकल्या, जेवले आणि पाच वाजता निघाले. मैत्रीण म्हणाली, “अगं, फोटो तरी काढू दे. घरी काय तान्हं बाळ आहे का?”

“दोन आहेत,” मी म्हणाले. “सहाला भरवायचं असतं.”

मैत्रिणीची आई शेजारी बसली होती, पूर्वी शाळेत शिकवायची. मला म्हणाली, “एवढं करून त्या साहेबाने ऐकलं नाही तर?”

“तर नाही ऐकलं, काकू. सही मात्र होणार नाही.”

“मग नोकरीचं?”

“ते त्यांनी ठरवावं. आकडा मी ठरवत नाही, तेही ठरवत नाहीत.”

काकूंनी पिशवीतून बुंदीचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. “गाडीत खा,” म्हणाल्या. “उशीर करू नकोस.”

रविवारी एकवीस दिवस भरले. नोंदीच्या डब्यातले आकडे काढले. दर तासाला एक, दोन्ही सेन्सरचे. शेवटचा शतांश कधी एकाने इकडे तिकडे थरथरला होता, एवढंच. माझ्या एका चुकीची नोंदही त्यात आहे: नवव्या दिवशी पाणी काढताना तिसऱ्याची केबल ओढली गेली आणि एक आकडा दोन शतांश वर गेला. तो मी खोडला नाही. शेजारी कारण लिहिलं.

सोमवारी मी प्रमुखांना अर्धा तास मागितला. दोन्ही फ्लास्क कूलबॉक्समध्ये घालून बसने नेले, सेन्सर आत तसेच; केबलचं वेटोळं आणि नोंदीचा डबा पिशवीत. त्यांच्या टेबलावर ठेवले. मी म्हणाले, “हे आकडे तुमच्या प्रोग्राममधून चालवून बघा. कुठले आहेत ते नंतर सांगते.”

त्यांनी चालवले. पडद्यावर दोन ओळी लाल झाल्या. दोन्ही सेन्सर निकामी.

“कधी मेले म्हणतो?” मी विचारलं.

“एकविसाव्या दिवशी दोघंही. वीस दिवस न हलल्यामुळे.”

मी फ्लास्क उघडला, तिसरा सेन्सर बाहेर काढला, पुसला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. मी म्हणाले, “मूठ मिटा.” डब्याच्या पडद्यावर आकडा चढू लागला. दहा. एकोणीस. सव्वीस. तिसाच्या पुढे गेला तरी ते मूठ सोडेनात.

सेन्सर मुठीतच धरून ते फ्लास्कवर वाकले. मग म्हणाले, “हा बर्फ कुठे ठेवला होता?”

“घरी. वॉशिंग मशीनशेजारी.”

“एकवीस दिवस?”

“दिवसातून दोनदा.”

त्यांनी नववी वही मागितली, या वेळी नीट वाचायला. पान उलटून पुढची मागची पानंही पाहिली. खलबत्त्याचं मी सांगितलं, तेही कागदावर लिहिलेलं होतं. ते वाचून त्यांनी चटणी म्हणजे काय विचारलं, मी सांगितलं.

“मी अजूनही असं म्हणणार नाही की तिथली जमीन सगळा हिवाळा गोठली नाही,” ते म्हणाले. “एका बोअरवरून नाही. नळीत पाणी असू शकतं.”

“मीही म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की सेन्सर मेलेले नाहीत. ते आकडे सेन्सरनी खरोखर मोजलेले आहेत. कशामुळे तसे होते ते शोधायला तिथे बोअर उघडी लागेल.”

“आकड्यांसमोर प्रश्नचिन्ह घालू.”

“प्रश्नचिन्ह चालेल. खोडणं चालणार नाही.”

“आणि वीसची मर्यादा?”

“ती तुमची. पण जो प्रोग्राम बर्फाला मेलेला म्हणतो, त्याच्या निकालाखाली माझी सही येणार नाही. या बोअरला नाही, बाकीच्या सहांनाही नाही.”

हे शेवटचं मी ठरवून आले नव्हते. तोंडातून गेलं. गेलं ते बरं झालं, कारण त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि मग विचारलं, “बाकीच्या सहांमध्ये आधीच्या वर्षी असं काही खोडलं गेलं असेल का?”

मला ते सुचलं नव्हतं. खरंच नव्हतं.

“बघावं लागेल,” मी म्हणाले. “कच्चे आकडे आहेत. वह्या आहेत.”

“तुमचा करार जुलैत संपतो ना?”

“हो.”

“मग तो वाढवावा लागेल, हे काम जुलैत संपणार नाही,” ते म्हणाले आणि फॉर्म उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकला. मी तो काढून घेतला. न भरलेला फॉर्मही फाइलला लावायचा असतो.

ऑगस्टमध्ये माणसं निघाली तेव्हा सिमेंटची पोती यादीत नव्हती, चौथी माळ होती. पेटीत ती मीच ठेवली. प्रत्येक सेन्सरला चिठ्ठी बांधतात, त्यावर त्याची खोड लिहायची असते. तिसरा, उणे सहा शतांश. चौथा, अधिक तीन. तारीख घातली. प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर तपासणी करणाऱ्याची सही लागत नाही, फक्त आद्याक्षरं चालतात. मी दोन्हींवर पूर्ण सही केली, ठळक, आणि शाई वाळेपर्यंत पेटीचं झाकण लावलं नाही.